दाजींचं लिव्हर आणि सात डब्या : एका केसचा पूर्ण हिशोब

आधी आकडे सांगतो, मग गोष्ट. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, फेब्रुवारीत ७१, जुलैत ३१२. मधल्या पाच महिन्यांत माणसाने दारू वाढवली नव्हती, डॉक्टरने कुठलं नवीन औषध दिलं नव्हतं, उलट लिव्हर सुधारायला म्हणून ज्याने जे सांगितलं ते सगळं इमानदारीत घेतलं होतं. माणूस म्हणजे आमचे दाजी. वय ४७, राहायला काळाचौकी, नोकरी अंधेरीला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला. मी ताईचा धाकटा भाऊ, लालबागला औषधांचं दुकान आहे, त्यामुळे सगळे रिपोर्ट आणि शेवटी सगळ्या डब्या माझ्याच काउंटरवर आल्या. दाजींना विचारूनच लिहितोय, फक्त नाव टाकू नको म्हणाले.

फेब्रुवारीत कंपनीचं वार्षिक चेकअप झालं त्यात एसजीपीटी ७१, त्याच्याच जोडीचं एन्झाइम एसजीओटी ४४, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. वजन ८४ किलो, उंची साडेपाच फूट, म्हणजे बीएमआय ३० ला टेकलेला (आपल्या लोकांसाठी २५ च्या पुढे लठ्ठ धरतात), पोटाचा घेर ४० इंच, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ म्हणजे डायबेटिस नाही पण दारात उभा आहे. दारू शनिवारी दोन-तीन पेग, बाकी वार नाही. चेकअपवाल्या डॉक्टरने दोन मिनिटांत सांगितलं, वजन कमी करा, शनिवारचं बंद करा, तीन महिन्यांनी रिपोर्ट दाखवा. फॅटी लिव्हर आता इतकं कॉमन झालंय की सोनोग्राफीत ते लिहिलेलं नसलं तर लोकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, त्यामुळे ग्रेड २ चं कोणाला काही वाटलं नाही, पण ७१ समोर लाल बाण होता ना, त्या बाणाने दाजी घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाला "वजन कमी करा" हे औषध वाटतच नाही, त्याला काहीतरी गिळायचं असतं.

मग डब्या यायला लागल्या. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं व्हिटॅमिन ई घ्या, त्याच्या सासऱ्यांचं लिव्हर त्यानेच बरं झालं, ती ४०० ची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ. सी कोविडपासून चालूच होती, ५०० ची चघळायची, दिवसाला दोन. बिल्डिंगच्या जिममधल्या ट्रेनरने अँटिऑक्सिडंट सॉफ्टजेल सांगितलं, त्यात बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ए, सेलेनियम, झिंक, लायकोपीन, जवळजवळ सगळंच. एक मल्टिव्हिटॅमिन आधीपासून होतीच. नणंदबाई दुबईहून कॉड लिव्हर ऑइल घेऊन आल्या, "लिव्हरचंच तेल आहे, लिव्हरला चांगलं" हे लॉजिक मी स्वतः ऐकलंय. मेमध्ये मोबाइलवर कुठलीतरी रील बघून हळद-काळी मिरी कॅप्सूल आणि ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टची डबी ऑनलाइन मागवली, ग्रीन टी चरबी पण जाळते आणि अँटिऑक्सिडंट पण आहे म्हणून. सात झाल्या. माझ्या दुकानातून फक्त सी जायची, बाकी काय चाललंय हे मला जुलैपर्यंत माहीत नव्हतं.

आता यामागचा विचार अगदीच चुकीचा आहे असं नाही, म्हणून तर तो पटतो. लिव्हरच्या पेशींत चरबी साठली की ती जाळायला पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, जास्त राबतात, राबता राबता फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू बाहेर पडतात, ते पेशीच्या पडद्यातल्या चरबीला धरतात, एक रेणू खराब झाला की तो शेजारच्याला खराब करतो, अशी साखळी लागते. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतं त्यामुळे ते त्या पडद्यातच जाऊन बसतं आणि साखळी तोडतं, सी पाण्यात विरघळतं आणि वापरून झालेल्या ई ला परत कामाला लावतं. इथपर्यंत सरळ आहे. पण लिव्हरचा स्वतःचा मुख्य अँटिऑक्सिडंट आहे ग्लुटाथायोन, तो लिव्हर घरच्या घरी बनवतं, पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झालेल्या पेशंटला हॉस्पिटलमध्ये जे एन-अॅसिटिलसिस्टीन देतात ते याच ग्लुटाथायोनचा कच्चा माल म्हणून देतात. आणि फ्री रॅडिकल्स नुसते नासधूस करत नाहीत, शरीर त्यांचा निरोपासाठी पण वापर करतं. त्यामुळे "ऑक्सिडेशन वाईट म्हणून अँटिऑक्सिडंट चांगलं" हे वाक्य डबीवर छापायला छान आहे, पण डबीत नक्की कोण आहे ते बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. माझं या केसमधलं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

जुलैत काय झालं तर दाजींचे तळहात पिवळे दिसायला लागले. हळूहळू झालं असणार, पण दाजींच्या आईंनी बघितलं आणि घरात एकच गडबड, कावीळ झाली. पावसाळा, बाहेरचं खाणं, त्यात दाजींना दहा-पंधरा दिवस थकल्यासारखं होत होतं, जेवण जात नव्हतं, म्हणजे सगळं जुळतच होतं. आईंनी गावाकडची काविळीची माळ आणायचं ठरवलं, ती गळ्यात घालायची आणि माळ लांबत खाली उतरली की कावीळ उतरली असं असतं ते. ताई म्हणाली आधी दुकानात जाऊन ये.

दुकानात ट्यूबलाइटखाली पिवळं काही धड कळत नाही म्हणून दाजींना बाहेर फुटपाथवर नेलं, ऊन नव्हतं पण उजेड होता. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराशुभ्र, खालची पापणी ओढून बघितलं तरी पांढरा. तळहात मात्र पिकल्या पपईच्या आतल्या रंगाचे, तळपायही तसेच, नाकाच्या बाजूला थोडी झाक. मी विचारलं, "दाजी, गाजर खाताय का?" तर म्हणाले, "खात नाही रे, पितो, रोज सकाळी गाजर-बीट-सफरचंदाचा ज्यूस, तीन महिने झाले." वर सॉफ्टजेलमधलं बीटा कॅरोटीन. कॅरोटीन जास्त झालं की ते चामडीत साठतं, जिथे चामडी जाड तिथे जास्त दिसतं, पण डोळ्यांच्या पांढऱ्यात जात नाही. काविळीत बिलिरुबिन वाढतं आणि ते पहिलं डोळ्यातच दिसतं. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मी घबराट कमी. बीटा कॅरोटीनने हात पिवळे होतात पण लिव्हर बिघडत नाही, ज्यूस बंद केला की काही आठवड्यांत रंग जातो.

पण थकवा आणि जेवण न जाणं हे गाजराने होत नाही. म्हणून म्हटलं लगेच एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या, तसंही तीन महिन्यांनी करायची होती ती पाच महिने झाले तरी केलीच नव्हती. संध्याकाळी रिपोर्ट आला. बिलिरुबिन ०.९, एकदम नॉर्मल, म्हणजे कावीळ नाहीच. अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम) नॉर्मल. एसजीओटी १६८, एसजीपीटी ३१२. लॅबची वरची मर्यादा ५० होती (तज्ज्ञ पुरुषांसाठी ३३ च्या आसपासच खरी मानतात ते सोडा), म्हणजे सहापट. ज्या पिवळ्या रंगाला सगळे घाबरले तो निरुपद्रवी निघाला आणि जे कोणाला दिसत नव्हतं ते सापडलं, तेही त्या रंगामुळेच टेस्ट झाली म्हणून.

लिव्हरच्या डॉक्टरकडे गेलो, मीही बरोबर होतो. त्यांनी पहिलं सांगितलं, उद्यापासून तोंडात फक्त अन्न आणि पाणी जाईल, डबीतलं काही नाही. मग टेस्ट. जुलै-ऑगस्टात मुंबईत एसजीपीटी असं उसळलं की पहिला संशय हिपॅटायटिस ए आणि ई वरच जातो, दोन्ही पाण्यातून पसरणारे, ते दोन्ही निगेटिव्ह. बी, सी निगेटिव्ह. फेरिटिन, थायरॉइड ठीक. एएनए आणि आयजीजी पण केलं, ते ऑटोइम्युन हिपॅटायटिससाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार, त्यावर दाजींनी विचारलं मला कशाला, मी तर सगळं नैसर्गिकच घेतलंय. डॉक्टर म्हणाले, "नैसर्गिक म्हणूनच करतोय." २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा पेशंटचा पेपर छापला होता, कोविडात गुळवेल घेतल्यावर ऑटोइम्युनसारखा हिपॅटायटिस झालेले, आयुष मंत्रालयाने त्यावर जोरात आक्षेप घेतला, तो वाद अजून मिटलेला नाही, पण तेव्हापासून इथले लिव्हरवाले "आणखी काय काय घेता" हा प्रश्न दोनदा विचारतात. दाजींचं एएनए, आयजीजी नॉर्मल आलं.

डॉक्टर म्हणाले सगळ्या डब्या घेऊन या, नुसती नावं सांगू नका. मला हे फार आवडलं कारण आमच्याकडे लोक "ती हिरवी गोळी" एवढ्यावर औषध मागतात. रविवारी दुपारी दुकान बंद करून ताई, दाजी आणि मी सातही डब्या काउंटरवर मांडून बसलो, भिंग घेतलं, कारण लेबलवरची अक्षरं अशी असतात की कंपनीला ती वाचली जाऊ नयेत असंच वाटत असावं. चार डब्यांवर फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर होता आणि बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत. दाजींना ते पहिल्यांदाच दिसलं. म्हणाले, "अरे मग मी हे कशासाठी घेत होतो?" ताई म्हणाली, "तेच मी पाच महिने विचारतेय."

बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी व्हिटॅमिन ए ची बेरीज केली. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ५००० आययू, सॉफ्टजेलमध्ये २५०० आणि ती दिवसाला दोन म्हणजे आणखी ५०००, कॉड लिव्हर ऑइलचे दिवसाला साधारण २०००. झाले १२,०००. हे बीटा कॅरोटीन सोडून, नुसतं रेटिनॉल, म्हणजे तयार स्वरूपातलं ए. मोठ्या माणसाला रोजची वरची सुरक्षित मर्यादा १०,००० आययू मानतात. तिन्ही डब्या आपापल्या जागी बरोबर होत्या, एकत्र आल्यावर मर्यादा ओलांडली, आणि ही बेरीज कुठल्याच डबीवर लिहिलेली नसते.

ए बद्दल जरा सविस्तर सांगतो कारण अँटिऑक्सिडंटच्या यादीत ते ई आणि सी च्या शेजारी मुकाट बसलेलं असतं आणि लिव्हरच्या दृष्टीने तेच खरं सांभाळायचं आहे. शरीरातलं ८०-९० टक्के ए लिव्हरमध्येच असतं, तिथे स्टेलेट नावाच्या पेशी ते भरून ठेवतात. जास्तीचं सी लघवीतून जातं, ए जात नाही. त्या पेशी वर्षानुवर्षं ठासून भरत राहिल्या तर त्या बिघडतात आणि चट्टे पाडणारं कोलॅजन तयार करायला लागतात, म्हणजे फायब्रोसिस, पुढे सिरोसिससुद्धा. सहसा रोज ४०,००० आययू किंवा जास्त, आणि तेही काही वर्षं, तेव्हा हे होतं, पण दारू असेल तर कमी डोसलाही त्रास होऊ शकतो. पाच महिन्यांत १२,००० ने एसजीपीटी ३१२ होणार नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. पण दाजींचा बेत हे कायम चालू ठेवायचा होता, शनिवारसकट. म्हणून ए या वेळेचा गुन्हेगार नसला तरी तिन्ही डब्या गेल्या.

ई आणि सी चं काय? या दोघांनी थेट लिव्हरला इजा केल्याच्या केसेस नाहीत म्हटलं तरी चालेल. सी जास्त घेतलं तर मुतखड्याचा धोका वाढतो, विशेषतः पुरुषांना, पण ते किडनीचं. म्हणजे संशय दोघांवर उरला, हळद आणि ग्रीन टी.

ग्रीन टी म्हणजे कपातली नव्हे हां. कपाने कोणाचं काही बिघडत नाही. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो आणि त्यात ईजीसीजी नावाचं कॅटेचिन, तेही अँटिऑक्सिडंटच, डबीवर अभिमानाने लिहिलेलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर एसजीपीटीसारखे एन्झाइम वाढल्याचं दिसतं. दाजींच्या डबीवर डोस होता दिवसाला दोन कॅप्सूल, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ४५ टक्के ईजीसीजी. दोनने ४५० झालं असतं. दाजी घेत होते चार, कारण लवकर फरक पडावा, म्हणजे ९००. आणि घेत होते सकाळी उपाशीपोटी, करी रोडला गाडी पकडायच्या आधी, कारण रीलमध्ये उपाशीपोटी चरबी जास्त जळते असं सांगितलं होतं. उपाशीपोटी ईजीसीजी रक्तात कितीतरी जास्त चढतं. आणि रोज सकाळची एकच वेळ, दादरला पूल चढून पश्चिमेची गाडी, अंधेरीला पोचेपर्यंत पोटात दुसरं काही नाही. दोन महिने हे चालू होतं आणि अशी इजा दिसायला साधारण एवढाच काळ लागतो.

हळदीचंही तसंच. भाजी-आमटीतली हळद वेगळी, कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन एकवटलेलं आणि वर पिपरीन, म्हणजे काळी मिरीतला तिखट घटक, मुद्दाम घातलेला, कारण एरवी कर्क्युमिन रक्तात चढतच नाही. चढवायची सोय केली की त्याचे परिणाम पण चढतात, अमेरिकेत आणि इटलीत अशा हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. गंमत म्हणजे ग्रीन टी आणि हळद दोन्हींत ज्यांना त्रास झाला त्यांच्यात एकच जनुकीय खूण, एचएलए-बी ३५:०१, जास्त सापडली. म्हणजे लाखो लोक घेतात आणि एखाद्यालाच होतं ते का, याचं उत्तर थोडंफार नशिबात नाही तर जनुकांत आहे. दाजींची ती टेस्ट केली नाही, खर्च करून उपचारात फरक पडणार नव्हता.

सगळं बंद केल्यावर तीन आठवड्यांनी एसजीपीटी ११८. महिन्याच्या आत निम्म्यापेक्षा खाली येणं हा डॉक्टरांच्या गुणतक्त्यात औषधाने इजा झाल्याच्या बाजूने मोठा पुरावा असतो. आठ आठवड्यांनी ६६. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टमुळे असण्याची शक्यता जास्त, हळद दुसऱ्या नंबरवर, दोन्ही परत कधीही नाहीत. नक्की कोण हे सिद्ध करायचं तर एकेक परत देऊन बघावं लागलं असतं आणि तसं लिव्हरच्या बाबतीत करत नाहीत, दुसऱ्यांदा जास्त जोरात होऊ शकतं.

तर आपण परत ६६ वर आलो, म्हणजे फेब्रुवारीच्याच जागी. मूळ दुखणं तसंच होतं. सूज उतरल्यावर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक आहे आणि त्यात चरबी किती ते मोजणारी तपासणी, केला (३१२ असताना केला असता तर सुजेमुळेच लिव्हर कडक दाखवलं असतं), ६.४ किलोपास्कल, चरबीचा आकडा ३११. आठच्या खाली म्हणजे मोठं फायब्रोसिस नाही, चरबी मात्र भरपूर. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट घालून एफआयबी-४ काढतात तो १.०, १.३ च्या खाली चांगला.

इथे ताईने तो प्रश्न विचारला जो माझ्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतं. "डॉक्टर, ई ने तर काही बिघडवलं नाही ना, मग ती तरी चालू ठेवू का? गूगलवर तर ई फॅटी लिव्हरला देतात असं आहे." आणि हे खरंच आहे, देतात. २०१० मध्ये अमेरिकेत पिवेन्स नावाची ट्रायल छापून आली, २४७ पेशंट, ९६ आठवडे, रोज ८०० आययू ई. ई वाल्यांपैकी ४३ टक्के लोकांचं लिव्हर सुधारलं आणि औषध नसलेल्या साध्या गोळीवाल्यांपैकी १९ टक्के. फरक मोठा आहे, कोणी नाकारत नाही. पण ते सगळे बायोप्सी करून सूज सिद्ध झालेले, डायबेटिस नसलेले. फायब्रोसिस म्हणजे चट्टे ई ने ठोस असे कमी झाले नाहीत. आणि ई बंद केल्यावर एसजीपीटी परत वर गेलं. मुलांवर २०११ मध्ये टॉनिक नावाची ट्रायल आली, त्यात तर एसजीपीटी खाली ठेवण्यात ई साध्या गोळीपेक्षा सरस ठरलंच नाही, बायोप्सीत मात्र थोडा फायदा दिसला.

मला त्या ४३ पेक्षा १९ चा आकडा जास्त बोलका वाटतो. काहीही नसलेली गोळी घेऊन पाचातला जवळजवळ एक सुधारतो, कारण ट्रायलमध्ये आला की माणूस खाण्याकडे लक्ष देतो, तपासण्या होतात. ऑफिसमधल्या त्या माणसाचे सासरे हे या १९ मधले की ४३ मधले हे सासऱ्यांनाही माहीत नाही. आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये असे एक सासरे असतात, त्यांच्यावरच निम्मा धंदा चालतो, माझ्या दुकानाचाही, खोटं कशाला बोलू. त्याच २०११ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय ट्रायल एकत्र करून तपासणारी संस्था) लिव्हरच्या वेगवेगळ्या आजारांवरच्या अँटिऑक्सिडंटच्या २० ट्रायल एकत्र करून बघितल्या, सव्वाबाराशे पेशंट, तर ए, सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम सगळं धरून मृत्यू कमी झाल्याचा पुरावा नाही आणि जीजीटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम उलट वाढलेलं. तेव्हा ई च्या खात्यात एक छोटासा पण खरा फायदा आहे, आणि तो सगळे मिळून वाटून घेतात, ज्यांनी कमावला नाही तेसुद्धा.

दाजींना डॉक्टरांनी ई दिली नाही. एक तर बायोप्सी नव्हती आणि करायची गरजही नव्हती. दुसरं, दाजींच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. सिलेक्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये, ३५ हजारांवर पुरुष होते त्यात, रोज ४०० आययू ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, हे २०११ मध्ये कळलं. दाजी ८०० घेत होते. मेंदूत रक्तस्रावाचा धोका पण ई बरोबर थोडा वाढतो असं दिसलंय, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे स्वतःच्या मनाने अजिबात नको. रोजची गरज किती, तर १५ मिलिग्रॅम, ती शेंगदाणे-तेल-पालेभाजीतून बऱ्यापैकी निघते. नवीन औषधांबद्दलही विचारलं, आपल्याकडे फॅटी लिव्हरच्या सुजेसाठी २०२० पासून सारोग्लिटाझार आहे, अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आलं, पण ६.४ किलोपास्कलला डॉक्टर म्हणाले आत्ता नको.

मग राहिलं वजन. २०१५ मध्ये क्युबातल्या अभ्यासात ५२ आठवडे नुसतं खाणं-चालणं बदलून बघितलं होतं, ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचं फायब्रोसिससुद्धा मागे हटलं. फायब्रोसिस मागे हटलं, हे ई ला जमलं नव्हतं. पण १० टक्के गाठणारे तिथेही थोडेच होते.

दाजींनी काय केलं ते फार नाट्यमय नाही. ऑफिसमध्ये दिवसाला पाच-सहा कटिंग व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर, ते दोनवर आले, बाकी काळी कॉफी बिनसाखरेची (कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसतं, डॉक्टरांनीच सांगितलं, दाजींना ते फार आवडलं कारण या सगळ्यात "प्या" असं एवढंच काहीतरी होतं). रात्रीचं जेवण अकराचं साडेआठला. स्टेशनबाहेरचा वडापाव आठवड्यातून एक. शनिवार पूर्ण बंद, त्याने दोन मित्र कमी झाले म्हणतात. अंधेरी स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षा सोडून चालत. फॅमिली पॅक चिप्स घरात आणायचा नाही ही ताईची अट, ती मुलांनाही लागू झाली त्यामुळे मुलं माझ्याकडे येऊन तक्रार करतात.

चालण्यावरून एक सांगायचं राहिलं. सी आणि ई घेऊन व्यायाम करू का, असं बरेच जण विचारतात. जर्मनीत २००९ मध्ये तरुण पुरुषांना व्यायाम करायला लावून निम्म्यांना रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० आययू दिलं होतं. व्यायामाने इन्सुलिन नीट काम करायला लागतं तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला, घेणाऱ्यांना मिळाला नाही. मघाशी म्हटलं ना फ्री रॅडिकल्स निरोप पण नेतात, तो निरोपच गोळ्यांनी मधे अडवला. फॅटी लिव्हरच्या मुळाशी इन्सुलिनचीच गडबड असते. दाजी मार्च ते जुलै जिमला जाऊन वर सी आणि ई दोन्ही घेत होते, म्हणजे मेहनतही गेली आणि पैसेही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वजन साडेसत्त्याहत्तर, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास कमी, एसजीपीटी ३६. चरबीचा आकडा अजून परत मोजला नाही, फायब्रोस्कॅन पुढच्या सप्टेंबरला आहे. एचबीएवनसी ५.८. तळहात कधीच साधे झाले होते, आईंचं मत की माळ आणली असती तर अजून लवकर झाले असते. बिल्डिंगमधले लोक दाजींना विचारतात, कुठली गोळी घेतली, आणि दाजी खरं सांगतात तर त्यांना वाटतं हा लपवतोय.

आत्ता दाजींची एकच गोळी चालू आहे, व्हिटॅमिन डी ची, तीही रिपोर्टमध्ये कमी आलं म्हणून आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपुरती. उरलेल्या डब्यांतल्या दोन अर्ध्या भरलेल्या होत्या, त्या शेजारच्यांना देऊ का असं दाजींनी विचारलं, ताईने नुसतं बघितलं. संशयित दुष्परिणामाचा सरकारी फॉर्म मी भरून पाठवला, त्यात औषधाचं नाव, बॅच नंबर असे रकाने असतात, आणि ज्या वस्तूवरच औषध नाही असं छापलंय तिचं नाव औषधाच्या रकान्यात लिहिताना जरा हसूच आलं. ताईची लोहाची गोळी मात्र लिंबूपाण्याबरोबर चालू आहे, तिथे सी चा उपयोग आहे, लोह शोषायला मदत होते, तिचं हिमोग्लोबिन ९ होतं ते ११ वर आलंय.